पदरमोड आणि पहिली कादंबरी

कादंबरी लिहून पुरी झाली की लेखकाचे काम संपते आणि प्रकाशकाचे सुरू होते. पुस्तक स्वतःच काढायचे ठरवले की या दोघांना एकाच खुर्चीत बसावे लागते. पहिल्यांदा पुस्तक काढणाऱ्यांचे बहुतेक नुकसान होते ते लेखक त्या खुर्चीतून उठून प्रकाशकाला जागा द्यायला तयार नसतो म्हणून. संपादन, अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ, कागद, छपाई, बांधणी, साठवण, विक्री आणि वसुली ही सगळी प्रकाशकाची कामे. त्यांत छपाई सर्वांत सोपी; पैसे मोजले की ती होते. तरीही नव्या लेखकाची पहिली चौकशी असते ती ‘पाचशे प्रतींना किती पडतील?’ हीच.

मराठीत ‘स्वप्रकाशन’ या एकाच नावाखाली दोन वेगळे व्यवहार चालतात. पहिल्यात लेखक खरोखरच प्रकाशक असतो. पुस्तकावर प्रकाशक म्हणून त्याचे स्वतःचे किंवा घरच्या घरी स्थापलेल्या प्रकाशनाचे नाव असते, मुद्रकाशी व्यवहार तोच करतो आणि छापलेली प्रत न् प्रत त्याच्या मालकीची असते. दुसऱ्यात एखादी संस्था लेखकाकडून ठरावीक रक्कम घेऊन संपादनापासून विक्रीपर्यंत सगळे करून देण्याचे ‘पॅकेज’ विकते. हा दुसरा व्यवहार वाईटच असतो असे नाही. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला धावपळ टाळण्यासाठी तो सोयीचाही पडतो. मात्र त्यात प्रकाशक हा लेखकाचा भागीदार नसून पुरवठादार असतो. पुस्तक खपले काय, न खपले काय, त्याचे पैसे आधीच वसूल झालेले असतात. हे एकदा लक्षात आले की करार वाचण्याची नजर आपोआप बदलते.

करारात पाहण्याच्या गोष्टी थोड्याच आहेत. हक्क कोणाकडे, किती वर्षांसाठी आणि कोणत्या प्रदेशापुरता, हे लिहिलेले हवे. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ यातल्या कलम १९ नुसार हक्क सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांची आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरला जातो. ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे वाक्य असेल तर स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणाऱ्याने तिथेच पेन खाली ठेवावे. किती प्रती छापल्या आणि किती विकल्या याचा हिशेब कधी मिळणार, ई-बुक आणि ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे ठेवले आहेत का, आणि आतल्या मजकुराची व मुखपृष्ठाची मूळ फाईल लेखकाला मिळणार का, हेही विचारावे. या शेवटच्या मुद्द्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. केवळ पीडीएफ हाती असलेल्याला दुसऱ्या छपाईच्या वेळी एक वेलांटी बदलायलाही त्याच दारात जावे लागते.

हक्क निर्माण होण्यासाठी नोंदणी करावी लागत नाही. मजकूर लिहिला गेला की हक्क लेखकाचा होतो आणि त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. नोंदणी हा वादाच्या वेळी उपयोगी पडणारा पुरावा आहे, आणि हवी तर ती करता येते. दुसऱ्या बाजूने, कादंबरीत एखाद्या चित्रपटगीताच्या दोन ओळी किंवा एखाद्या कवीचे कडवे घातले असेल तर तो हक्क दुसऱ्या कोणाचा तरी असतो आणि त्याची लेखी परवानगी लागते. गाण्याचे नुसते नाव घ्यायला कोणाची हरकत नसते, तेव्हा नायिकेने ते गुणगुणले एवढे सांगून काम भागत असेल तर भागवावे. ‘पात्रे व प्रसंग काल्पनिक आहेत’ ही ओळ छापली म्हणून ओळखू येण्याजोग्या शेजाऱ्याची बदनामी करायला मोकळीक मिळते, हाही एक गोड गैरसमज आहे.

खर्च करण्याची पहिली जागा म्हणजे संपादन, आणि काटकसरीची कात्री सगळ्यात आधी चालते तीही इथेच. मौज प्रकाशनाचे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांचे नाव मराठीत आजही घेतले जाते ते हस्तलिखितावर लेखकाबरोबर बसून केलेल्या कामासाठी. स्वतः पुस्तक काढणाऱ्याला तो आधार नसतो. तो विकत घ्यावा लागतो. संपादक आणि मुद्रितशोधक ही दोन वेगळी माणसे. तिसऱ्या प्रकरणात वारलेला मामा सातव्यात चहा पितो, कथानक मधल्या साठ पानांत रेंगाळते, सगळी पात्रे एकाच माणसासारखी बोलतात, हे सांगणारा संपादक. ‘की’ आणि ‘कि’ पाहणारा मुद्रितशोधक. दुसऱ्याला पैसे देऊन पहिल्याचे काम होत नाही. संपादकाकडे जाण्यापूर्वी हस्तलिखित चार-पाच जणांना वाचायला द्यावे, पण त्यांत घरचे नसावेत. त्यांना ‘कशी वाटली?’ असे विचारू नये; ‘कोणत्या पानावर खाली ठेवावीशी वाटली?’ असे विचारावे. तिघांनी एकच पान सांगितले तर अडचण नक्की त्याच पानाच्या आसपास असते.

मराठीत यानंतर एक खास देशी अडचण उभी राहते, ती लिपीची. लेखक युनिकोडमध्ये टंकलेखन करतो, आणि अक्षरजुळणीच्या अनेक दुकानांत अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये पाने लागतात. मजकूर एकातून दुसऱ्यात नेताना काही अक्षरे फुटतात, रफार शेजारच्या अक्षरावर उडी मारतो, आणि सगळ्यात फसवी मोडतोड होते ती ‘ऱ्य’ची. डोंगरातल्या दऱ्या ‘दर्या’ होऊन समुद्राला मिळतात. लग्नाच्या प्रसंगात आचाऱ्यांना बोलावलेले असते, आणि छापील पानावर जिलब्या तळायला आचार्य बसलेले दिसतात. शब्द दोन्ही खरे असल्यामुळे शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली इथे गप्प बसते. रूपांतर झालेल्या फाईलमध्ये ‘र्य’ शोधून प्रत्येक ठिकाणी थांबून पाहणे हा कंटाळवाणा पण खात्रीचा उपाय आहे. पाने युनिकोडमध्येच लावणारा माणूस मिळाला तर हा प्रश्न मुळातच उरत नाही, शिवाय पुढे तीच फाईल ई-बुकला उपयोगी पडते. फॉन्ट निवडताना मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ येतात का तेही पाहावे. हिंदी वळणाचा ‘ल’ तीनशे पाने वाचताना मराठी डोळ्याला खड्यासारखा लागत राहतो.

शुद्धलेखनाचे नियम अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळाचे, म्हणजे १९६२ साली शासनाने मान्य केलेले चौदा आणि १९७२ साली त्यांत भर पडलेले चार. मो. रा. वाळंबे किंवा अरुण फडके यांची पुस्तके टेबलावर असली की बहुतेक शंका मिटतात. कादंबरीत अवघड असते ती बोली. पात्रांच्या तोंडच्या भाषेला उच्चाराप्रमाणे लिहिण्याची मोकळीक आहे, पण मोकळीक म्हणजे मनमानी नव्हे. मालवणी आजी एका पानावर ‘खय’ आणि पुढच्या पानावर ‘खंय’ म्हणत असेल तर दोष बोलीचा नसतो. अशा शब्दांची यादी लेखकानेच करून मुद्रितशोधकाच्या हाती द्यावी, नाहीतर तो नेमस्तपणे आजीची भाषा शुद्ध करून ठेवतो. प्रुफे कमीत कमी तीन वेळा, आणि कागदावर काढून वाचावीत. शेवटचे प्रूफ लेखकाने एकट्याने वाचू नये. त्याला पानावर काय छापले आहे ते दिसत नाही, काय लिहिले होते ते आठवते.

पानांचा आणि पैशाचा हिशेब ज्यावर उभा असतो तो फर्मा समजून घेण्यासाठी १८ बाय २३ इंचांचा एक कागद घ्यावा आणि तो तीनदा दुमडावा. अठराचे नऊ होतात, तेविसाचे पावणेसहा. आठ पाने, म्हणजे सोळा पृष्ठे हाती येतात. कडा कापल्या की साडेपाच बाय साडेआठ इंचांचा डेमी आकार तयार होतो. मराठीतल्या बहुतेक कादंबऱ्या याच आकारात निघतात. हा सोळा पृष्ठांचा एक फर्मा, आणि मुद्रक बोलतो ते फर्म्यांत. डेमीच्या एका पृष्ठावर वाचण्याजोग्या टाईपात अडीचशे ते पावणेतीनशे शब्द बसतात. साठ हजार शब्दांची कादंबरी सुमारे २३० पृष्ठे घेते. शीर्षकपृष्ठ, श्रेयपृष्ठ, अर्पणपत्रिका वगैरे धरून २४० झाली की बरोबर पंधरा फर्मे होतात. हाच आकडा २४३ झाला तर आणखी निदान अर्धा फर्मा लागतो आणि पाच कोरी पृष्ठे पदरात पडतात. कुशल जुळणीकार ती तीन पृष्ठे ओळींतले अंतर किंचित कमी करून जिरवतो. लांबलेले मनोगत छाटूनही ती जिरतात, आणि हा दुसरा उपाय वाचकाच्याही सोयीचा आहे.

आतल्या पानांना ७० जीएसएमचा मॅपलिथो चालतो. पांढऱ्याशुभ्र कागदापेक्षा पिवळसर छटेचा ‘नॅचरल शेड’ डोळ्यांना सोसतो. मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड आणि त्यावर मॅट लॅमिनेशन ही रूढ निवड. बांधणीत नुसत्या डिंकावर भरवसा ठेवावा की फर्मे शिवून घ्यावेत, हा प्रश्न ग्रंथालयांमुळे महत्त्वाचा ठरतो. दहा हातांतून फिरणाऱ्या प्रतीचे पान सुटले की कादंबरीचा शेवट हरवतो. शिलाईला थोडे जास्त पैसे पडतात, ते द्यावेत. पुस्तकाच्या कण्याची जाडी कागद ठरल्याशिवाय कळत नाही, म्हणून मुखपृष्ठकाराला आधी कागद आणि पृष्ठसंख्या सांगावी. २४० पृष्ठांचा कणा जेमतेम बारा मिलिमीटर भरतो. दोन मिलिमीटरची चूक झाली तरी नाव कण्यावरून घसरून मुखपृष्ठावर येते. मुखपृष्ठावरचे चित्र इंटरनेटवरून उचललेले नसावे. चित्रकाराकडून किंवा छायाचित्रकाराकडून वापराची लेखी संमती घ्यावी. मोबाईलच्या पडद्यावर मुखपृष्ठ पोस्टाच्या तिकिटाएवढे दिसते, तेव्हा त्या आकारातही नाव वाचता येते का ते पाहावे.

आयएसबीएन क्रमांकासाठी दलालाला पैसे देणारे लेखक अजून भेटतात. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्था हा तेरा अंकी क्रमांक विनामूल्य देते, अर्ज ऑनलाईन करता येतो आणि लेखकाला स्वतःच्या नावानेही तो मिळतो. अर्ज मुखपृष्ठ पक्के होण्याआधी करावा, कारण क्रमांकाचा बारकोड मलपृष्ठावर छापायचा असतो. छापील पुस्तक आणि ई-बुक यांना वेगळे क्रमांक लागतात. क्रमांक ज्याच्या नावावर, तो नोंदीत प्रकाशक, म्हणून पॅकेज घेणाऱ्याने तो कोणाच्या नावावर आहे ते तपासावे.

पुस्तक निघाल्यावर ३० दिवसांच्या आत एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि प्रत्येकी एक चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय व दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने पाठवणे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकावर बंधनकारक केले आहे. मूळ कायद्यातला दंड पन्नास रुपये आणि पुस्तकाची किंमत एवढाच असल्याने त्याची भीती कोणाला वाटत नाही. पण पन्नास वर्षांनी घरातली शेवटची प्रत कसरीने खाल्ली तरी कोलकात्याला एक शिल्लक असते, हा लाभ चार पाकिटांच्या टपालखर्चात मिळतो.

आता पैसे. दर गावागणिक आणि कागदागणिक बदलतात, तेव्हा पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यापुरते. संपादन, मुद्रितशोधन, अक्षरजुळणी आणि मुखपृष्ठ असा एकदाचा खर्च ४५,००० रुपये धरला आणि ऑफसेटवर ५०० प्रती ९० रुपयांप्रमाणे ४५,००० रुपयांत छापल्या, तर एकूण खर्च ९०,००० होतो, म्हणजे प्रतीमागे १८० रुपये. किंमत ३५० ठेवली. वितरकाने ४५ टक्के सूट मागितली तर हाती १९२ रुपये ५० पैसे येतात. खर्च निघायला ४६८ प्रती विकल्या जाव्या लागतात, आणि नुसत्या विकल्या जाऊन भागत नाही, त्यांचे पैसेही यावे लागतात. तीच प्रत लेखकाने १० टक्के सूट देऊन स्वतः विकली आणि टपाल-वेष्टनाला ४० रुपये गेले, तर २७५ उरतात आणि ३२८ प्रतींत खर्च भरून निघतो. यात भेट प्रती धरलेल्या नाहीत. परीक्षणे, पुरस्कार, सल्ला देणारे, मदत करणारे आणि ‘आमची प्रत कुठे आहे?’ असे हक्काने विचारणारे मिळून पन्नास प्रती सहज जातात.

मोहाचा क्षण मुद्रकाच्या टेबलाशी येतो. ‘हजार काढल्या तर प्रत सत्तरलाच पडेल,’ तो सांगतो, आणि ते खरे असते. ऑफसेटमध्ये प्लेट आणि यंत्र लावण्याचा खर्च एकदाच होतो. जादा पाचशे प्रती केवळ २५,००० रुपयांत, म्हणजे पन्नास रुपयांना एक! पण २४० पृष्ठांच्या एका प्रतीचे वजन पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. त्या जादा पाचशे प्रती म्हणजे सुमारे १३७ किलो कागद, आणि एकावर एक रचल्या तर सहा मीटर उंच. दोन खोल्यांच्या घरात एवढ्या मालाला दिवाणाखालीच जागा असते, आणि तिथे ओल, कसर आणि उंदीर असे तीन वाचक त्याची वाट पाहत असतात. पहिल्या कादंबरीला त्यापेक्षा १०० ते १५० प्रती डिजिटल छपाईवर काढणे शहाणपणाचे. प्रत महाग पडते, १५० रुपये म्हणा. नफा जवळजवळ राहत नाही. पण छपाईत अडकतात ते पंधरा-वीस हजार, आणि या प्रतींत निघालेल्या चुका दुरुस्त करून पुढच्या तीनशे-पाचशे ऑफसेटवर काढता येतात. मागणी येईल तशी एकेक प्रत छापून देणाऱ्या पोथी डॉट कॉम किंवा नोशन प्रेस यांसारख्या सेवाही आहेत. साठवणीची कटकट नको असेल तर तो मार्ग बरा, मात्र किंमत चढी ठेवावी लागते.

पैशाची सोय शोधणाऱ्यांसाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. ती पहिल्याच पुस्तकासाठी असल्यामुळे आधी घाईने काही छापून बसलेल्याला तिचा उपयोग होत नाही. अर्जाची मुदत आणि अटी मंडळाच्या जाहिरातीत पाहाव्यात.

विक्रीच्या बाबतीत पहिला शब्द शिकायचा तो ‘जाकड’. दुकानदार नव्या लेखकाचे पुस्तक रोखीने घेत नाही, जाकडावर ठेवतो; विकले तर पैसे, न विकले तर प्रती परत. पाच दुकानांत दहा-दहा प्रती ठेवल्या आणि चलनावर सही घेतली नाही तर वर्षाने पैसेही नाहीत आणि प्रतीही नाहीत, अशी गत होते. प्रत्येक ठिकाणचे चलन, तारीख, सूट आणि परतीची मुदत एका वहीत असावी आणि दर सहा महिन्यांनी जाऊन हिशेब करावा. छापील पुस्तकावर जीएसटीचा दर शून्य असल्याने बिल साधे असते. पार्सल पाठवण्यासाठी टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू केली आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि पाच किलोपर्यंत १०० रुपये, कर वेगळा. त्यात कोणती पुस्तके बसतात ते खिडकीवर आधी विचारून घ्यावे. वरची २७५ ग्रॅमची प्रत पुठ्ठ्यात गुंडाळली की तीनशेच्या पुढे जाते आणि दर बदलतो. पातळ वेष्टन घेतले तर बचत होते.

ग्रंथालये हा मराठी पुस्तकाचा जुना आधार. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली सार्वजनिक ग्रंथालये राज्यात अकरा हजारांहून अधिक आहेत. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढते आणि तिच्यासाठी प्रकाशकाला प्रत पाठवावी लागते. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे यांच्या नावाचा स्वतंत्र पुरस्कार आहे. तिथे प्रकाशनाचे कॅलेंडर वर्ष मोजले जाते. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात निघालेले पुस्तक आठ दिवसांत ‘गेल्या वर्षीचे’ होते, म्हणून अशा वेळी जानेवारी उजाडू द्यावा. ग्रंथालयांची खरेदी अनुदान संपवण्याच्या घाईत मार्चअखेर वाढते, हेही तारीख ठरवताना ध्यानात ठेवावे.

प्रकाशन समारंभाबद्दल मते भिन्न आहेत. सभागृहाचे भाडे, पाहुण्यांचा प्रवास, शाल-श्रीफळ, चहा-बटाटेवडा यांचा खर्च चांगल्या मुद्रितशोधकाच्या मानधनाला सहज गाठतो, आणि दोन्हींपैकी एकच परवडत असेल तर समारंभ गाळावा. केलाच तर विक्रीचे टेबल बाहेर पडण्याच्या दाराशी ठेवावे, त्यावर सुटे पैसे आणि क्यूआर कोड असावा आणि तिथे लेखकाने स्वतः बसू नये. ओळखीचे लोक त्याच्याकडून प्रत विकत घेत नाहीत, मागून घेतात. एखादे प्रकरण दिवाळी अंकात किंवा मासिकात आधी छापून आलेले असले तर पुस्तकाला अनोळखी वाचक मिळतो. त्यासाठी संपादकांकडे ते जून-जुलैपर्यंत पोचायला हवे.

किंडलवर मराठी पुस्तके डिसेंबर २०१६ पासून निघतात. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन हवे असेल तर किंडलच्याच ‘केडीपी सिलेक्ट’ योजनेत नाव नोंदवावे लागते, नाहीतर ३५ टक्के. सिलेक्टमध्ये नव्वद दिवस ते ई-बुक दुसरीकडे विकता येत नाही. म्हणजे त्या काळात बुकगंगासारख्या दुसऱ्या ऑनलाईन दुकानात ते ठेवता येणार नाही. छापील प्रतीला हे बंधन नाही. ई-बुक निघाल्यावर फोनवर अक्षर लहानमोठे करून जोडाक्षरे एकदा तपासावीत.

पहिल्या छपाईतली एक प्रत ‘दुरुस्ती प्रत’ म्हणून बाजूला काढावी आणि वाचकांनी कळवलेल्या चुका तीत लाल शाईने मांडत जाव्यात. मजकूर तोच ठेवून किरकोळ चुका सुधारून पुन्हा छापले तर ते पुनर्मुद्रण, आणि आयएसबीएन जुनाच चालतो. प्रकरणे बदलली, भर घातली, तर ती नवी आवृत्ती. तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो आणि श्रेयपृष्ठावर दोन्ही तारखा द्याव्या लागतात. दुरुस्त्या मूळ फाईलमध्ये केल्यावर नवी पीडीएफ काढून जुनी पुसून टाकावी, कारण घाईच्या वेळी मुद्रकाकडे हमखास जुनीच जाते.